अख्खे दाणे

गुरुवार, १४ तारीख

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. तू बरी आहेस असं आईकडून कळतं, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. अकरा वेळा केला. अकराव्या वेळी भाऊजींनी उचलला आणि "ती आंघोळीला गेलीय" म्हणाले. दुपारी चार वाजता. असो.

इथे प्रयोगशाळेत वैतागाला तोटा नाही. ग्राइंडर दोन महिने बंद होता. साहेबांना सांगितलं की "बघू", पुन्हा सांगितलं की "बघतो म्हटलं ना". दुरुस्तीवाला आला, झाकण उघडून हळहळला आणि गेला. शेवटी सोमवारी सुरू झाला. निघालं काय, तर साधा पट्टा तुटलेला.

म्हणशील, हे ग्राइंडरपुराण मला कशाला? तुमच्या कारखान्यातून प्लॅस्टिकचे दाणे येतात आणि त्यांत प्लॅस्टिक उन्हातान्हात टिकावं म्हणून तुम्ही घातलेलं स्टॅबिलायझर किती, ते आम्ही मोजतो, हे तुला ठाऊक आहे. पण मोजण्याआधी ते दाणे गोठवून, दळून त्यांचं पीठ करावं लागतं. ते द्रावकात उकळलं की आतलं सगळं बाहेर येतं. ग्राइंडर बंद, म्हणून मी तुमचे दाणे अख्खेच उकळले. निम्मं स्टॅबिलायझर आतच राहिलं, आणि मी "निम्मंच घातलं आहे" अशा रिपोर्टवर सही ठोकली. मिश्रणावर तू होतीस.

मंगळवारी उरलेले दाणे दळून पुन्हा तपासले. माप पूर्ण भरलं. तू चिमूटभरही कमी घातलं नव्हतंस.

सगळं ग्राइंडरच्या माथी मारून पत्र इथेच संपवता आलं असतं. पण कमी आलेला नमुना आम्ही, वेळ पडली तर बाहेरून दळून आणून, दुसऱ्यांदा तपासतोच, अनोळखी माणसाचासुद्धा. तुझा मी तपासला नाही. बहिणीला सांभाळून घेतलं असं कोणी म्हणू नये, म्हणून. तू फोनवर म्हणालीस, "अरे, मी दोनदा तोलून घातलंय." मी काय म्हणालो, तर "ताई, मशीन खोटं बोलत नाही". स्वतःच्या प्रामाणिकपणाची केवढी ती ऐट. उरलेलं तू लाटलंस असं ठरवून तुला मिश्रणावरून काढून लेबलं चिकटवायला बसवलं, तेव्हाही मी गप्प राहिलो. मला माझीच लाज वाटते.

काल सुधारलेला रिपोर्ट साहेबांपुढे ठेवला. म्हणाले, "मिटलेलं प्रकरण कशाला उकरतोस? प्रयोगशाळेची अब्रू जाईल." मी कपाळाला हात लावला. आज सकाळी स्वतः तुमच्या मालकांना रिपोर्ट नेऊन दिला, चूक माझी आहे हेही त्यात लिहिलं. माझ्या नोकरीचं व्हायचं ते होईल. तू खाली पाठमोरी बसली होतीस. हाक मारायची हिंमत झाली नाही.

उद्या मालक तुला बोलावतील, परत मिश्रणावर जा म्हणतील. लगेच हो म्हणू नकोस. जिथे सगळ्यांदेखत तुला चोर ठरवलं, तिथेच सगळ्यांदेखत त्यांना माफी मागायला लाव. त्यांची झाली की मला बोलावून घे. मी येईन.

तू खरं सांगत असताना विश्वास न ठेवणारा,
तुझा सख्खा भाऊ