शिंप्याची चार वाक्यं

ता. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझं इंग्रजी व्याकरणाचं सराव-पुस्तक छापून आलं! तुझ्या ठकीसाठी एक प्रत प्रकाशकांनी परस्पर पाठवली आहे. हसू नकोस, तुझी मास्तरीण बहीण आता लेखिका झाली.

एक कबूल करायचं आहे. मनाने रचलेली वाक्यं मला आवडत नाहीत. 'मुलगा हळू चालतो' असलं काही दिलं की मुलं जांभया देतात. म्हणून मी खरी वाक्यं गोळा करते, बसमध्ये ऐकलेली, शेजारणीची, पत्रांतली. अ‍ॅडव्हर्बच्या धड्याला चार वाक्यं कमी पडली, छापखान्याची घाई, आणि समोर तुझं गेल्या वर्षीचं पत्र होतं. नाव कुठेच नाही, नुसतं 'टेलर' आहे. तेव्हा काही वाटलं नाही. काल छापलेलं पान पाहिलं आणि आज हे पत्र लिहायला बसले. पान एकोणचाळीस. ठकीच्या हाती देण्याआधी तेवढं काढून टाक. आणि वहिनींना अजून सांगितलं नसशील तर सांग रे बाबा.

माया आहे तशी राहू दे.
तुझी,
मास्तरीण

ता. ११ मार्च

चि. मास्तरणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. पुस्तक शनिवारीच आलं होतं. आत्याचं पुस्तक म्हणून ठकीने खाणंपिणं सोडून ते सोडवायला घेतलं आणि रविवारी दुपारी दुकानातच त्या पानावर पोचली. मी मशीनवर, ही शेजारी काजं करत बसलेली. हिला इंग्रजी येत नाही, म्हणून ठकी मोठ्याने वाचून अर्थ सांगत होती. 'द टेलर हार्डली सीज द नीडल नाउ.' शिंप्याला आता सुई जेमतेम दिसते. पुढचं, तो सुईचं नेढं नेहमी नखाने चाचपतो. मग, तो गिऱ्हाइकांकडे पाहून कसनुसा हसतो. आणि शेवटचं, त्याने बायकोला कधीच सांगितलेलं नाही. प्रत्येक अ‍ॅडव्हर्बखाली रेघ मारून पोरीने मला विचारलं, बरोबर ना बाबा? मी बरोबर म्हटलं.

ही हातातली सुई पुढे करून दोरा ओवून द्या एवढंच म्हणाली. मी दोनदा चुकलो आणि हल्ली दोरेच धड येत नाहीत म्हणून ठोकून दिलं. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगून, उपचारांना उशीर करू नका म्हणून बजावलं, तेव्हापासून मी हेच करतोय. शिंप्याची नजर गेली हे कळलं तर कापड कोण टाकेल? तुझा राग आलाय, पण रागवायला मला तोंड नाही. एवढं कर, हिला लिही की तो शिंपी दुसराच कुणी.

जपून राहा, कळावे.
तुझा,
दादा

ता. १६ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तो शिंपी दुसराच कुणी, असं तुम्हाला लिहायला दादाने सांगितलं आहे. तीन कागद लिहिले आणि फाडले. वहिनी, तो दादाच आहे. दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब होतोय आणि तो परत डॉक्टरांकडे गेलेला नाही. त्याने शपथ घातली म्हणून मी वर्षभर गप्प बसले. मग शाळाशाळांतल्या मुलांना छापून सांगितलं, फक्त तुम्हाला नाही. स्वतःची लाज वाटते. काय हवं ते बोला, पण त्याला आधी दवाखान्यात न्या.

तुमची अपराधी,
नणंद

ता. २ एप्रिल

वन्संना नमस्कार.

पत्र मिळालं त्याच दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि यांना नेलं. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा सांभाळता येईल. उजव्याचं आता काही होणार नाही, वर्षापूर्वी यायला हवं होतं. हे खाली मान घालून बसले होते. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. गेल्या हिवाळ्यात यांनी काळ्या कोटाला निळा दोरा घातला, तेव्हा गिऱ्हाइकासमोर मीच म्हटलं होतं, डोळे फुटले की काय. हे हसले होते. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आता रोज सकाळी मी बारा सुया ओवून यांच्या मशीनपाशी टोचून ठेवते. काम चाललंय. ठकीला सगळं सांगितलं, तर तिने रेघा खोडून टाकल्या आणि आता पुस्तक उघडत नाही. तिची समजूत तुम्हीच काढा.

वन्सं, तुम्ही लेखणीवाल्या. मला एक ओळ टाकली असतीत तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, तुमच्याशी भांडले असते, पण यांना नेलं असतं. पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. या खेपेस हात होत नाही. तरी पत्रं थांबवू नका. डाव्या डोळ्याने हे अजून वाचू शकतात, अक्षर तेवढं मोठं काढा.

वहिनी