कुणाच्या खिडकीआड नाही

सोमवार, ता. ९

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही इथे ठीक. तुझ्या भावोजींची पाठ पुन्हा धरली आहे. कुणाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं की ती आपोआप सुटते, आणि घरात पाण्याचा हंडा उचलायची वेळ आली की परत धरते. माझं म्हणशील तर दात सोडून सगळं जागेवर आहे.

फोन सोडून ही पत्र कसलं लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर मी तुझ्या लेकीचा विषय काढला की तुझ्या दारावर लगेच कुणीतरी येतं. "बरं ताई, ठेवते, बेल वाजली." एवढे पाहुणे खरंच येत असते तर त्यांना चहा पाजून पाजून तुझं दिवाळं निघालं असतं. पत्राला बेल ऐकू येत नाही. तेव्हा चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून ठेवलंस तर मला कळेल. कसं ते विचारू नकोस, मी तुझी थोरली बहीण आहे.

तर मुद्दा असा की तुझ्या लेकीने आमच्या बेटावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि त्या पूर्ण झाल्या. आणि अशा बांधल्या आहेत की हल्ली मी रस्त्याने मान वर करून चालते. परवा त्या नादात ठेचकाळलेसुद्धा.

आपल्या गावाच्या खालचं, किनाऱ्याला लागून असलेलं मैदान तुला आठवत असेल. तुझ्या वेळी तिथे शेळ्या चरायच्या. मधल्या वर्षांत सुट्टी लागली की तंबूवाले येऊ लागले. माणसं चांगली होती, पण त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. दिसेल तिथे खड्डा खणायचे, दिसेल ते झुडूप जाळायचे, आणि गेल्यावर आम्ही पोती घेऊन त्यांचा कचरा वेचायचो. मग पलीकडून एक बिल्डर आला. दुमजली हॉटेल बांधतो म्हणाला, काँक्रीटचं, चोवीस तास जनरेटर. बेटाच्या समितीतल्या अर्ध्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. बाकीचे म्हणाले, आधी दुसरी काही योजना येते का बघू. पेपरात जाहिरात दिली, आणि एक दिवस लाँचमधून उतरली कोण, तर तुझी लेक! खांद्यावर नकाशांचं नळकांडं, कमरेला टेप.

मी तिला बोलावलं नव्हतं हं. ते आधी डोक्यातून काढून टाक. आपण इथल्याच आहोत हे तिने अर्जात लिहिलंही नव्हतं. मी तिला चालीवरून ओळखलं. थेट तुझ्यासारखी चालते, जमिनीवर उपकार केल्यासारखी. मी ओळखलंय हे तिला कळलं, पण दोघीही चार लोकांत गप्प बसलो.

आणि तिचा पहिला आराखडा मीच पाडला.

झालं असं, की सभेत तिने भिंतीवर चित्रं लावली. विणलेल्या बांबूच्या भिंती, गवताची छपरं, सगळ्या खोल्या किनाऱ्यालगत एका ओळीत, प्रत्येकीचं तोंड समुद्राकडे. सगळे 'वा वा' करायला लागले. मी उठले आणि म्हटलं, "चित्र झकास आहे, पण माझ्या ओट्यापाशी उभं राहिल्यावर मला बोटी दिसणार नाहीत."

बस. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. तुला सांगायला नको, पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे घर बांधताना आधी स्वयंपाकघराची खिडकी ठरते आणि मग भिंती. तिथून दोन खडकांमधली वाट दिसायला हवी, जिथून बोटी आत येतात. आपली बोट दिसली की मग चुलीवर आधण. पोर तीन-चार वर्षांची असताना इथून गेली, तिला कुठून माहीत असणार? आणि तू तर तिला या बेटाचा 'ब'सुद्धा सांगितला नाहीस.

ती लालबुंद झाली. मला वाटलं, आता ही वाद घालेल, किंवा पुढच्या लाँचने निघून जाईल. बिल्डरचा माणूस मागे बसून गालात हसत होता. तिचा आराखडा गेला असता तर त्याचंच काम झालं असतं. म्हटलं, बोलून चुकले की काय! पण तिने शांतपणे चित्रं उतरवली, गुंडाळली आणि म्हणाली, "मावशी, उद्यापासून मी तुमच्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत बसणार आहे. चहा बिनसाखरेचा."

भर सभेत 'मावशी' म्हणाली. तेव्हा कुठे लोकांना कळलं ती कुणाची ते.

आणि खरोखर बसली गं! घरोघरी. प्रत्येक बाई ओट्यापाशी उभी असताना तिची नजर किती उंचीवर येते आणि भाजी चिरत खाली बसली की किती, ते मोजलं. मग खोल्यांच्या छपरांच्या उंचीएवढे बांबू कापले, वर लाल फडकी बांधली आणि ते घेऊन मैदानात उतरली. ज्या जागी खोली येणार तिथे बांबू धरून उभी राहायची आणि आम्ही आपापल्या खिडक्यांतून ओरडायचं. काय तमाशा चालला होता! एक म्हणते "डावीकडे", तर दुसरी "अगं माझ्या डोळ्यांसमोर आणलास, मेला तो बांबू उचल!" दुकानदाराची बायको तर बांबूवर ओरडता ओरडता शेजारणीचे जुने हिशेबही चुकते करत होती. "खाली घे, अजून खाली," असं माझं चाललं होतं, तर पोर खालून म्हणते, "मावशी, पाहुणे काय रांगत येणार आहेत?" सगळ्या खिडक्या हसल्या. या बेटावर इतकं हसू मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यातून जो आराखडा निघाला तो बघायला हवास. एक ओळ वगैरे काही नाही. एक खोली झुडपांच्या मागे, एक उतारावर जरा खाली बसवलेली, एक त्या वाकड्या झाडाच्या आडोशाला. छपरं ठेंगणी, पण आत उंच माणूसही ताठ उभा राहतो. पाया खणलेला नाही. सपाट दगडांवर लाकडी खांब आणि त्यावर फळ्यांची जमीन, सगळं नटबोल्टवर. वादळाचे दिवस आले की छपरं सोडवून गावात नेऊन ठेवायची. उद्या आम्हाला या खोल्या नकोशा झाल्या तर उचलून न्यायच्या आणि खाली गवत होतं तसं राहील. छपराचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठतं, आंघोळीचं वाळूतून गाळून केळींना जातं. संडासात पाणी नाहीच, वर भुसा टाकायचा. या भुशावरून मी तिच्याशी आठवडाभर भांडले. वास येणार म्हटलं. येत नाही. मी नाक घालून बघितलं आहे, आणखी कोणता पुरावा देऊ?

आणि दिवे! पाहुण्यांचा एकही दिवा समुद्राच्या बाजूने दिसत नाही. प्रत्येकाला तिने पत्र्याची टोपी घातली आहे, उजेड फक्त पायाखाली. बोटीवरच्या माणसाने एखाद्याच्या खोलीचा दिवा धक्क्याचा समजून खडकावर जायला नको, म्हणून. हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. स्वतःच्या डोक्याने केलं. तुझे भावोजी ते बघून आले ते थेट माझ्या ओट्यापाशी. म्हणाले, "पोरगी आपली आहे."

बिल्डरच्या माणसाने पुढच्या सभेत विचारलं, "खोलीतून समुद्र दिसत नाही तर पैसे देऊन येणार कोण?" ती म्हणाली, "दारातून बाहेर आलं की सगळा दिसतो. पाहुण्याला गादीवर लोळून समुद्र बघता यावा म्हणून मी उभ्या असलेल्या बाईची नजर अडवणार नाही." आहे का उत्तर!

इथे खरं तर पत्र संपवायचा विचार होता. अभिमानाचं सगळं सांगून झालं होतं. काल पेन खाली ठेवलं, जेवण केलं, भांडी घासली. पण पुढचं सांगितलं नाही तर हे पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही. म्हणून आज पुन्हा बसले आहे.

सगळ्या खिडक्या झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, एक घर राहिलं."

मी म्हटलं, "ते राहू दे गं. तिथे बघायला कोण आहे?"

ती म्हणाली, "किल्ली दे."

तुझं घर उघडलं. मी वर्षातून एकदा झाडून घेते, पण धूळ होतीच. ती सरळ ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. "आई इथे उभी राहायची?" मी हो म्हटलं. "बाबांची बोट आली नाही तेव्हाही?" आता काय सांगू? खोटं मला जमत नाही. सांगितलं. दिवस सरला, दुसरा सरला, तू जागची हलली नाहीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस, शेवटी मी आणि शेजारणीने तुला धरून खाली बसवलं, हे सगळं सांगितलं. तू सांगायला हवं होतंस, तू सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगितलं. रागाव. तू इतकी वर्षं का आली नाहीस, तिला इकडे येऊ का देत नव्हतीस, ते मी तिला समजावलं नाही. तिचं तिला समजलं.

मग मला म्हणाली, "तू इथे उभी राहा. मी खाली जाते."

तर मी तुझ्या जागी उभी राहिले, धाकटे. तिने खाली जाऊन बांबू धरला. दोन खडकांच्या मधे पाणी चमकत होतं आणि बरोब्बर त्याच्यासमोर ते लाल फडकं. मी ओरडायचं होतं, डावीकडे की उजवीकडे. मला ओरडताच येईना. माझ्या खिडकीतून मी आयुष्यभर तेच पाणी बघते, पण माझी बोट दरवेळी परत आलेली आहे. ती खालून वर बघत थांबली. मग काही न विचारता तिने बांबू उचलला आणि चालत चालत पार मैदानाच्या कडेला गेली, आणि तिथे तो आडवा ठेवून दिला. त्या खोलीला दुसरी जागाच नव्हती.

समितीत यावर खडाजंगी झाली. दुकानदार म्हणाला, "बंद घराच्या खिडकीसाठी अख्खी खोली सोडायची? हा कुठला व्यवहार?" त्याचंही चुकत नव्हतं. बाकीचे माना डोलवत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती उभी राहिली. म्हणाली, "त्या घरातल्या बाईने त्या खिडकीतून वाट बघितली आहे. तिच्यासमोर मी भिंत बांधणार नाही. हे मान्य नसेल तर काम दुसऱ्या कुणाला द्या." वर्षभराची मेहनत होती गं, त्या एका वाक्यावर पणाला लावली. नवीन आलेल्या मास्तरांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "ती बाई कोण?"

ती म्हणाली, "माझी आई."

आवाज जरासुद्धा हलला नाही. हात वर झाले ते एकेक करत, आणि पहिला हात दुकानदाराचा. मी मात्र चारचौघांत ढसाढसा रडले आणि पदराने नाक पुसलं. काय वाटायचं ते वाटू दे लोकांना.

"त्या बेटावर पाऊल ठेवलंस तर मला आई म्हणू नकोस," असं तू तिला सांगितलं होतंस. हे तिने मला नाही सांगितलं, तू सांगितलंस, फोनवर, मोठ्या तोऱ्यात. तिने पाऊल ठेवलं. आणि सगळ्या बेटासमोर तुला आईच म्हणाली. आता तुझ्या हट्टाचं काय करायचं ते तू बघ.

येत्या रविवारी पहिले पाहुणे येणार. फीत कापायची नाही, भाषणं नाहीत, तिला असलं काही आवडत नाही. तुला तिने बोलावलेलं नाही, कारण बोलावलं तर तू नाही म्हणशील आणि मग तिला ते 'नाही' घेऊन काम करावं लागेल. मी बोलावते. मला नाही म्हणायची तुझी छाती नाही. पाण्याची भीती वाटते हे मला माहीत आहे, ते तुला माझ्यापासून लपवायचं कारण नाही. तुझे भावोजी शनिवारी पलीकडच्या धक्क्यावर येतील आणि लाँचमध्ये तुझ्या शेजारी बसतील. डोळे मिटून घे हवं तर. ते काही बोलणार नाहीत, ते कधीच बोलत नाहीत.

पोर तुझ्यावर रागावलेली नाही. मी आहे. माझा सगळा राग मी धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत काढणार आहे, तयारीने ये. मग तुला घरी घेऊन जाईन. माझ्या की तुझ्या, ते तू सांग.

तुझी,
अजूनही थोरलीच असलेली,
ताई