बिनपावतीच्या ट्रिपा

मंगळ., ४ नोव्हें.
दुपारी एकला बालवाडीतून घरी आले, तर ह्यांची पेज तशीच झाकलेली. आतल्या खोलीला आतून कडी. आतूनच म्हणाले, "कंपनीचा काम आसा. बोलव नको." ट्रक विकून किती वर्षं झाली, कसली कंपनी!

बुध., ५
फटीतून बघितलं. मोबाईल तांब्याला टेकवलेला, त्यात खाकीतला माणूस. हे समोर हात जोडून. "साहब, पेशाब को जाऊं?" साठी उलटलेला माणूस! राग आला, कुणाचा ते कळेना.

गुरु., ६
ताट देताना कुजबुजले. दिल्लीचे पोलीस. खाणीची केस, चोरटा माल वाहिल्याची. "माजा नाव, आधार, सगळा आसा त्यांच्याकडे. भायर पडलंय तर अटक. कोणाक सांगलंस तर तुका पण." ट्रकचे पैसे 'तपासणीला' पाठवूनही झाले.
मलाही खरंच वाटलं. कारण ट्रिपा मला ठाऊक. आमच्या सुर्ल्यात कोणाला नाहीत? खाणीवरचा बिनपावतीचा माल, खाणमालकाने सांगितलं, ह्यांनी नेला.

शुक्र., ७
राहवलं नाही. पंचायतीतल्या सुषमाला सांगितलं. ती उडालीच. "अगो बाय, व्हिडियोर अटक करपी पोलीस अजून जल्माक येवंक ना!" तिनेच सायबर पोलिसांना फोन लावला. मी घरी येऊन दार बडवलं, मोबाईल ओढून बंद केला. हे लहान पोरासारखे रडले. "आता येतले ते. काय केलंस गो!"

सोम., १०
डिचोलीला पोलिसांत तक्रार दिली. बँकेने थोडे पैसे अडवलेत, परत मिळतील की नाही, सांगता येत नाही. फौजदार भला. "काका, तुमच्या नावार कसलीच केस ना." मला वाटलं, आता जीव भांड्यात पडेल. पण बसमध्ये हे सारखे मागे वळून बघत होते.

रवि., १६
सिम काढून टाकलंय. वाटेवर गाडी थांबली की मागच्या दारी. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणे, ह्यांनी जेवणच टाकलंय. आज ओरडले मी. पैसे गेले ते गेले, पण हे असे राहिले तर मी कुणाकडे बघू?

शुक्र., २१
पिशवी भरून बसले होते. दोन लुंग्या, टॉवेल.
"खय चल्लात?"
"डिचोलीक. ट्रिपी सांगतलंय, लिवन घेवंदेत."
"अहो, ते ठग होते! इतक्या वर्सांनी कोण विचारता?"
"खोटो होतो तो. पण इतक्या वर्सांत विचारल्यान त्या एकट्यानच."
मी पिशवी रिकामी केली. त्यांनी परत भरली. तीनदा झालं असं. शेवटी बीपीच्या गोळ्या मीच आत घातल्या. साडेनऊची बस गेली. हे अजून ओट्यावर आहेत, चपला घालून.