तिरोड्याच्या मैदानातली सायकल

सुखवंता,

तू उठशील तेव्हा मी घरात नसंन. तिरोड्याले चालली, तुझ्या दादाले सायकलीवरून उतरवाले. मामाजीनं विचारलं तर माहेरी गेली म्हण.

चार दिवस झाले, बाजाराच्या मैदानात त्यायचा पाय जमिनीले लागला नाही. खाणं, पिणं, दाढी, सारं चालत्या सायकलीवर, झोप तर नाहीच. लोक टाळ्या वाजवून राहिले. काल मी डब्बा घेऊन सायकलीसोबत धावली, तर मलेच विचारते, "बाई, तुम्ही कोणाच्या घरच्या?" सारे हासले. लोकायले मस्करी वाटली. मी त्यायचे डोळे पाहिले, मस्करी नव्हती.

हा खेळ भरवणारा मंडपवाला म्हणते, सात दिवसांचा बोल आहे, मधात उतरला तर गावाचं नाक कापलं जाईल. जाऊ दे.

भात झाकून ठेवला आहे. डाळीत मीठ टाकलं का नाही, आठवत नाही, चाखून पाहाय. वासरू सोडू नको.

सांगून ते ऐकणार नाहीत. मी सरळ सायकलीच्या समोर उभी राहीन. मले ओळखलं नाही, तरी कोणी बाई आडवी आली म्हणून ब्रेक तर दाबतीलच.

तुझी वहिनी,
गोमती