चँडलरमध्ये घाना मॉडेल

१२ ऑक्टोबर २००८, रविवार
ठरलं. यंदा चँडलरच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी मीच. दरवर्षी पुणेवाले पुण्याला मत देतात, मुंबईवाले मुंबईला, नागपूरवाले रुसतात. ऑफिसात माझ्या टीममधला एबेनेझर घानाचा. तो म्हणाला, आमच्याकडे एकाच जमातीचा पक्ष काढायला कायद्याने बंदी आहे, सगळीकडचे लोक घ्यावे लागतात. म्हटलं, ब्रिलियंट यार! तर म्हणतो, कायदा ब्रिलियंट आहे, मत मात्र बरेच जण गाव बघूनच देतात. थोडा निगेटिव्ह आहे.

१४ ऑक्टोबर
पक्ष काढला. घानात मोठ्या पक्षांची चिन्हं हत्ती आणि छत्री. हत्ती इथे रिपब्लिकनांनी घेतलाय, आणि अ‍ॅरिझोनात छत्री कशाला? आपला प्रेशर कुकर. पुण्याचे श्रीरंगकाका आणि नागपूरच्या सुलेखाकाकू फाउंडर मेंबर. मी ठाण्याचा, म्हणजे न्यूट्रल. काकू म्हणाल्या, ठाणं म्हणजे मुंबईच ना रे? काकूंना जिऑग्रफी समजवायला हवी.

१९ ऑक्टोबर
एबेनेझरलाही मंडळाचा मेंबर केलं. एक मत पक्कं.
भाषणाची प्रॅक्टिस उद्यापासून.

२५ ऑक्टोबर
पक्षाच्या दिवाळीच्या जेवणात भात कुठला, यावरून राडा. काकू म्हणाल्या गोळाभात. काका म्हणाले, सणाला मसालेभातच असतो. काकू म्हणाल्या, तुमच्याकडे पाहुण्याला जेवायला थांब म्हणतात हेच नवल. मी लीडरशिप दाखवली. दोन्ही भात कॅन्सल, पिझ्झा.

२६ ऑक्टोबर
काका-काकूंचं पहिल्यांदाच एकमत झालं. माझ्याविरुद्ध. पण एकी झाली ना!
एबेनेझरने घरून जोलोफ आणला, त्यांचा टोमॅटो घातलेला लाल भात. काका म्हणाले, हा तर मसालेभातच. काकू म्हणाल्या, तिखट मात्र आमच्यासारखं. दोघांनी परत वाढून घेतला. पिझ्झा उरला. फ्रीझ केला.
प्रॅक्टिस राहिली. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं.

९ नोव्हेंबर
जनरल बॉडी. काका उठून म्हणाले, पुण्याचा निवडला की नागपूर रुसतं, मुंबईचा निवडला की सगळेच. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही असा माणूस हवा, आणि तो आपल्यात बसलाय. मी उभं राहून नमस्कार केला. काकू म्हणाल्या, मिहीर, खाली बस बाळा, मागचा एबेनेझर दिसत नाहीये.
बिनविरोध.

१० नोव्हेंबर
नीट विचार केला. आपण किंगमेकर.
नव्या सेक्रेटरीचा पहिला मेल आला. संक्रांतीला पार्किंग माझ्याकडे, केशरी जॅकेट मिळेल. दोन्ही भात आहेत आणि जोलोफही. खाली वेगळी ओळ: मिहीर, प्लीज, पिझ्झा नको.