मंगळावरचा खड्डा

मंगळवार, दिवाबत्तीनंतर

बेंगळुरूला मंगळयानाच्या कामावर असलेल्या आपल्या मुक्ताचं पाकीट आलं. मंगळाचा एक फोटो, लाल-निळ्या काचेचे दोन कागदी चष्मे, एक चिठ्ठी. तिकिटं तिनंच लावलेली, आपला खर्च शून्य. उपासाच्या दिवशीच मंगळ घरी आला, म्हणून आधी हळदकुंकू वाहिलं.

मग चष्मा लावला. अगं बाई! फोटोतला खड्डा विहिरीसारखा खोल झाला, मी हातच मागं घेतला. ह्यांनीही लावला आणि लगेच मुक्ताला फोन. “पोरी, लई खोल हाय गं! आत पडतुया की काय!” ती तिकडं खुदुखुदू हसली.

पण गेल्या हंगामात उसाचं पातं लागून ह्यांच्या डाव्या डोळ्याची नजर गेलीय. “पोरीला सांगायचं न्हाय, काम सोडून पळत येईल,” ही ताकीद. मी डावा डोळा झाकून पाहिलं, तर खड्डा पोळपाटासारखा सपाट. फराळानंतर परत झाकून पाहिलं, परत सपाट. म्हणजे लेकीला बरं वाटावं म्हणून थाप मारली ह्यांनी!

चिठ्ठीत मुक्ता लिहिते, यानाला कॅमेरा एकच. एक फोटो इथून काढतं, पुढं सरकून दुसरा, आणि दोन्ही जुळवले की खोली कळते. यानाला एका डोळ्यानं जमतं, मग ह्यांना का नाही?

फोनवर कसं विचारू, हे शेजारीच बसलेले असतात. ताकीद मोडली तर मोडली, उद्या पत्र टाकते. मुक्ता, एका डोळ्याच्या माणसाला तो खड्डा खोल दिसेल असं काही करता येतं का? तुझ्या अण्णांसाठी हवंय. उलट टपाली कळव.