चटईखाली कोण आहे

फालेतुई, सवाई बेट
बुधवार, १४ ऑगस्ट

सिनिवा, माझ्या मुली,

इकडे सगळं ठीक आहे, असं आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. डुकरिणीला सात पिल्लं झाली. पाद्रीबाबांचं छप्पर एकदाचं गळायचं थांबलं. तोमासी रोज मासे धरायला जातो आणि दिवसभरात माझ्याशी चार शब्द बोलतो, त्यातले दोन "जेवायला वाढ" असतात. तू माझ्या लेकाला सोडून माहेरी गेल्याला अकरा महिने झाले. फोन केला तर तुमच्याकडे दहा माणसं कान लावून बसतात, म्हणून हे पत्र. तुझा भाऊ बोटीवर भेटला होता. म्हणाला, तुझं ते दुखणं अजून येतं, आणि तू तोंडात कापडाचा बोळा कोंबून गप्प सोसतेस. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

माझं पोट कापल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. फार नाही, चार छोटी भोकं. पण ती कशी पडली ते माझ्याकडूनच ऐक.

ईस्टरच्या रविवारी प्रार्थनेहून येऊन जेवलो. डुकराचं मांस, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. मी किती वाढून घेते ते तू पाहिलंयस. तासाभरात उजव्या बरगडीखाली असं काही धरलं की मी ताटाशेजारीच आडवी झाले. कळ पाठीतून खांद्यापर्यंत. पुढे दर जड जेवणानंतर तेच. पण पन्नास वर्षं मी गावाची पोटं चोळली, मी कुठली इस्पितळात जाते? फुआला बोलावलं. बहीण असली तरी तिचा हात माझ्याइतका चांगला नाही, हे तीही जाणते. तिने तेल लावून बेंबीखाली चाचपलं आणि म्हणाली, "तोआला जागचा सरकलाय." दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे पोटात काहीही झालं की तो बेंबीखालचा गोळाच सरकलेला असतो. तीन दिवस चोळूनही तो जागेवर येईना, तेव्हा तिने घरच्यांना गोल बसवलं. "मोएलांगी, तू मनात काहीतरी दडवलंयस. बोलून टाक, म्हणजे कळ जाईल."

हेच शब्द. तुला आठवत असतील.

मी पुष्कळ काही कबूल केलं. शेजारच्यांचे नीरफणस उतरवले ते. चर्चच्या गाण्यात लोसाला मुद्दाम मागच्या रांगेत ढकललं ते. फुआचा नवा पंखा मीच मोडला होता तेही.

"तू होतीस होय, मेले?" फुआ म्हणाली. "मी मांजराला बडवलं होतं."

सगळे हसले. तोमासी हसला नाही. जे बोलायला हवं होतं ते मी बोललेच नाही, आणि कळ काही गेली नाही. मला वाटलं, बरोबरच आहे, न बोललेलंच दुखतंय.

डोळे पिवळे झाले तेव्हा तोमासीने मला उचलून बोटीवर घातलं आणि अपियाच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीण तुझ्याच वयाची.

"आजी, पोटावर हे काळेनिळे डाग कसले?"

"पडले."

"तेल लावून पडलात होय?"

मग तिने पोटावर गार मलम लावून एक यंत्र फिरवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. पित्ताची पिशवी खड्यांनी भरलेली, एक खडा नळीत अडकलेला. मी विचारलं, मनात काही दडवलं की हे होतात का? ती म्हणाली, "तसं असतं तर अख्ख्या बेटाला झाले असते." पुढे म्हणाली, यातली कळ येते आणि कधी तासा-दोन तासांनी आपोआप जातेही, म्हणून माणसं फसतात. घरात आणखी कोणाला असं दुखतं का?

मी म्हटलं, "नाही."

पायाशी तोमासी उभा होता. तो म्हणाला, "माझ्या बायकोला. याच जागी."

आठ दिवस सुया टोचून कावीळ उतरवली, मग ती पिशवीच काढून टाकली. आता मी चांगली आहे. साधंच जेवते, उकडलेला अळूचा कंद आणि मासा. चांगली आहे याचीच लाज वाटते.

आता ते लिहिते. तुझं पोट चोळताना माझ्या बोटांना उजव्या बरगडीखाली अंड्याएवढं काहीतरी टणक लागलं होतं. तोआला तिथे नसतो. माझ्या हातांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. "हे माझ्या हातचं नाही, हिला इस्पितळात न्या," एवढंच म्हणायचं होतं. पण दारात अर्धं गाव बसलेलं, आणि तोमासी तुला घेऊन ऑकलंडला जायचं म्हणत होता, आणि मला लेक जायला नको होता. म्हणून मी दाबत राहिले आणि बोल, बोल म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी तू किंचाळलीस, "हो, आहे दुसरा कोणीतरी. आता हात काढा, आई." मी नाव विचारलं. तुला एकही नाव सुचेना. नसलेल्या माणसाला नाव कुठून आणणार? हे मला तिथेच, त्या क्षणी समजलं. तरी मी हात पुसले आणि सगळ्यांना म्हटलं, "बघा, निघालं." तुझी कळ थोड्या वेळाने गेली आणि गावाने माझे हात वाखाणले.

आज गुरुवार. काल संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मी पत्र इथपर्यंत वाचून दाखवलं. तेव्हा जे बसले होते त्या सगळ्यांना पुन्हा बसवून. फुआ रडली. तोमासी उठला, माझी गादी उचलली, खालची माझ्या आईने बारीक विणलेली चटई काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

तेव्हा सोमवारी पहाटे तुमच्या अंगणात कोणी डोक्यावरून चटई घेऊन बसलेलं दिसलं तर घाबरू नकोस, ती मी असेन. खून केलेल्याच्या घरची माणसं मेलेल्याच्या दारी अशी माफी मागायला बसतात, सासू सुनेपुढे बसल्याचं कोणी ऐकलं नाही. आता ऐकतील. तुझ्या वडिलांना सांग, मला आत बोलवायची घाई करू नका. चटई उचलून माफ करायचं की नाही हे तू ठरवायचं, आणि तेही नंतर.

आधी इस्पितळात जा. उजव्या बरगडीखाली दुखतं एवढं सांग आणि ते यंत्र फिरवून घे. तोमासी फाटकाबाहेर थांबेल, तू म्हणालीस तरच बरोबर येईल. तिथे रांग मोठी असते, दिवस जाईल. जाऊ दे. तू परत येईपर्यंत मी बसलेली असेन.

चटईखालची,
मोएलांगी